हिमस्खलनाचा उतार ओळखायचा कसा: घरातल्या नकाशापासून बर्फातल्या फावड्यापर्यंत

सह्याद्रीत आपल्याला नाळ दिसली की वाट सापडली असं वाटतं. कडा चढवत नसेल तर त्यातली घळ शोधायची आणि दगडधोंड्यांतून वर सरकत माथा गाठायचा. हरिश्चंद्रगडाच्या नळीच्या वाटेचं नावच ते सांगतं. हीच नजर घेऊन आपण जानेवारीत गढवालला जातो आणि बर्फाने भरलेली नाळ बघून खूश होतो, कारण समोर आयता जिनाच असतो. पण ती नाळ म्हणजे वरच्या सगळ्या उतारांचं गटार. वरचा बर्फ सुटला की तिथूनच खाली येतो आणि तिथेच साचतो. छोट्याशा लोटानेही माणूस दोन मीटर खाली गाडला जातो.

केदारकांठा, ब्रह्मताल असे ठरलेल्या कॅम्पचे हिवाळी ट्रेक करून झाले की बरेच जण पुढच्या वर्षी चार मित्र जमवून स्वतःच निघतात. तयारी विचारली तर बूट, जॅकेट आणि स्लीपिंग बॅगची यादी ऐकवतात. वाटेवर किती अंशांचे उतार आहेत, हे मात्र कुणालाच सांगता येत नाही. सामान आधी, नकाशा शेवटी आणि बर्फाकडे नजर संकट आल्यावर, असा हा उलटा क्रम असतो. खालचे टप्पे दिलेल्या क्रमानेच करायचे आहेत.

## टप्पा १: घरी बसून नकाशावर लाल पेन्सिल

फरशीसारखा सलग तुटून येणारा बर्फ हा सर्वांत घातक प्रकार. तो बहुतेक वेळा ३० ते ४५ अंशांच्या उतारावर सुटतो, त्यातही ३८ अंशांच्या आसपास सर्वाधिक. फार उभ्या कड्यावर बर्फ साठतच नाही, थोडा थोडा गळत राहतो. आपली फसगत इथेच होते. सह्याद्रीत तयार झालेल्या मनाला उभ्या कड्याची भीती वाटते आणि ३५ अंशांचा मोकळा, गुळगुळीत उतार ‘आरामाचा’ वाटतो. झाडं नसलेला, मऊ दिसणारा तो उतार मोकळा का राहिला, हा प्रश्न विचारा. झाडं उगवली होती आणि मोडून गेली, असंही उत्तर असू शकतं.

मोजायचं असं. नकाशा १:५०,००० चा आणि दोन कंटूर रेषांमधली उंची ४० मीटर असेल, तर ३० अंशांच्या उतारावर त्या रेषा १.४ मिलिमीटर अंतरावर येतात आणि ४५ अंशांवर ०.८ मिलिमीटरवर. म्हणजे १.४ मिलिमीटरपेक्षा जवळ आलेल्या रेषांचा प्रत्येक पट्टा लाल करायचा. कंटूर २० मीटरचे असतील तर ही अंतरं निम्मी धरा. मोबाइलवरच्या काही नकाशांत उतारांना आपोआप रंग दिलेले असतात. ते वापरा, पण पंधरा-वीस मीटरचा छोटा उभा टप्पा त्यांत दिसत नाही आणि माणूस गाडायला तेवढा पुरतो.

आता वाट आखा आणि प्रत्येक ठिकाणी दोन प्रश्न विचारा. मी लाल पट्ट्यावर आहे का? माझ्या डोक्यावर लाल पट्टा आहे का? दुसरा प्रश्न हमखास राहून जातो. तुम्ही सपाट बुग्यालात, म्हणजे उंचावरच्या कुरणात, उभे असाल, पण वर अर्ध्या किलोमीटरवर बर्फाने भरलेला वाडगा असेल, तर तो तुमच्यापर्यंत पोहोचू शकतो. अंदाजासाठी हात समोर ताठ धरा, एक मूठ क्षितिजाच्या पातळीवर आणि दुसरी तिच्यावर. एक मूठ साधारण १० अंशांची. बर्फ जिथून सुटेल ती जागा दुसऱ्या मुठीच्याही वर दिसत असेल, तर मोठं हिमस्खलन तुमच्यापर्यंत येऊ शकतं असं धरून चाला.

इशारा: कॅम्पची जागा याच कसोटीवर ठरवा, पाणी कुठे जवळ आहे यावर नाही. वाट ओलांडायला दहा मिनिटं लागतात, कॅम्पवर आपण दहा तास झोपतो. २८ फेब्रुवारी २०२५ ला बद्रीनाथजवळ माणा इथे सीमा रस्त्यांचं काम करणाऱ्या मजुरांच्या वस्तीवर बर्फ आला आणि ८ जणांचा जीव गेला. ती माणसं उतारावर चालत नव्हती, वस्तीत होती.

वाट आखताना शक्यतो धारेवरून किंवा दाट, जुन्या झाडीतून चढा. प्रत्येक लाल पट्ट्याला पर्याय लिहून ठेवा. पर्याय सापडला नाही तर ‘इथून परत’ असं लिहा. हे घरी लिहिलेलं असलं की वर वाद होत नाही.

## टप्पा २: निघण्याआधी सात दिवसांची हवामानवही

हवामानाचा अंदाज सगळेच बघतात. पण ‘उद्या ऊन आहे का’ एवढंच बघून थांबतात. आपल्याला मागचं हवं आहे: आठवडाभरात किती बर्फ पडला, वारा कुठून होता, तापमान किती चढलं. एका पानावर तारीखवार लिहा. पश्चिमी झंझावात आला, गेला, त्याला किती तास झाले, हे त्या पानावर दिसलं पाहिजे.

जम्मू-काश्मीर, हिमाचल आणि उत्तराखंडसाठी चंदिगडची डीजीआरई ही संरक्षण खात्याची संस्था हिमस्खलनाचे इशारे देते. जुने लोक तिला अजून ‘सासे’ म्हणतात. इशारा जिल्ह्याचा, ठरावीक उंचीच्या वरचा आणि थोड्या मुदतीचा असतो. तो वाचल्याशिवाय निघू नका, पण तो अख्ख्या जिल्ह्याचा आहे, तुमच्या समोरच्या उताराचा नाही. ‘मध्यम’ हा शब्द वाचून निश्चिंत होऊ नका. युरोपातल्या पाच पायऱ्यांच्या मोजपट्टीवर सर्वाधिक माणसं मधल्या, तिसऱ्या पायरीवरच मरतात, कारण चौथीला लोक घरी थांबतात आणि तिसरीला बाहेर पडतात.

वहीतल्या या नोंदी दिसल्या की लाल पट्टे बाद:

- २४ तासांत ३० सेंटिमीटरच्या वर नवा बर्फ
- बर्फ पडताना किंवा पडल्यावर जोराचा वारा
- बर्फावर पाऊस
- थंडीनंतर एकदम चढलेलं तापमान, विशेषतः रात्रीही शून्याखाली न गेलेलं

वाऱ्याबद्दल थोडं थांबून सांगतो, कारण तो कमी लेखला जातो. आभाळातून एक चिमूटही पडली नाही तरी वारा धारेच्या एका बाजूचा बर्फ उचलून दुसऱ्या बाजूला रचतो. तासाभरात पडून साठेल त्याच्या कित्येक पट बर्फ तो आडोशाच्या बाजूला नेऊन टाकतो. पश्चिम हिमालयात झंझावाताचा वारा बहुतेकदा पश्चिम किंवा नैर्ऋत्येकडून येतो, म्हणून उत्तर ते पूर्वेकडे तोंड असलेले उतार जास्त लादले जातात. उत्तरेकडच्या उतारांना ऊनही कमी, त्यामुळे तिथला कच्चा बर्फ लवकर बसत नाही.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे वादळानंतरची पहिली निळी सकाळ. दोन दिवस तंबूत कोंडून बसलेला माणूस लख्ख ऊन बघून उसळतोच. नेमका तोच दिवस वाईट. नवा भार बसलेला, खालचे थर अजून जुळलेले नाहीत आणि ऊन वरून तापवतंय. किमान ४८ तास द्या. कडाक्याची थंडी असेल किंवा खाली जुना कच्चा थर असेल तर तेही पुरत नाहीत.

मग सुट्टीचं काय? खरी अडचण तीच आहे. झेलम एक्सप्रेसचं परतीचं तिकीट खिशात असतं, ऑफिसला सोमवारी हजर व्हायचं असतं, आणि माथ्याचा दिवस एकच ठेवलेला असतो. वर घेतलेले बरेच वाईट निर्णय मुळात आरक्षणाच्या खिडकीवर झालेले असतात. वेळापत्रकात दोन दिवस मोकळे ठेवा. ते जमत नसेल तर लाल पट्टा नसलेला ट्रेक निवडा.

तपासा: ‘हिवाळा नाही, म्हणजे धोका नाही’ असं गटात कुणी म्हणतंय का? ४ ऑक्टोबर २०२२ ला उत्तरकाशीतल्या द्रौपदी का डांडा-२ वर हिमस्खलन झालं तेव्हा हिवाळा सुरूही झाला नव्हता. प्रशिक्षणाला आलेल्या दोन डझनांहून अधिक गिर्यारोहकांचा त्यात जीव गेला.

## टप्पा ३: तीन वस्तू आणि वाळूचा ढीग

प्रत्येकाकडे बीकन, प्रोब आणि धातूचं फावडं हवं. तिन्ही. बीकन म्हणजे ४५७ किलोहर्ट्झवर संदेश सोडणारा आणि शोधणारा छोटा यंत्रसंच, प्रोब म्हणजे घडीची अडीच-तीन मीटरची काठी. यातली एक वस्तू नसली तर बाकीच्या दोन फारशा कामाच्या नाहीत: बीकनने जागा कळली आणि फावडं नसेल तर दगडासारखा घट्ट झालेला बर्फ हातांनी उकरता येत नाही. आपल्याकडे हे सामान सहज मिळत नाही आणि महाग आहे, हे खरं. नसेल तर नियम सोपा ठेवा, लाल पट्ट्यावर किंवा त्याच्या खाली जायचंच नाही. आणि सोबत स्थानिक पोर्टर किंवा गाईड येणार असेल तर त्याच्यासाठीही संच लागतो. ‘त्याला डोंगर माहीत आहे’ म्हणून त्याला बीकनशिवाय नेणारे गट मी पाहिलेत. मला ते पटत नाही.

बीकनमध्ये नव्या अल्कलाइन बॅटऱ्या घाला. उत्पादकाने चालतात असं लिहिलं नसेल तर चार्ज होणाऱ्या नकोत, कारण पडद्यावरची टक्केवारी चुकते.

सराव बर्फातच करावा लागतो असं नाही. आम्ही पुण्यात टेकडीवर एक बीकन पोत्यात गुंडाळून पालापाचोळ्याखाली लपवतो आणि घड्याळ लावून शोधतो. फावड्यासाठी बांधकामावरचा ओल्या वाळूचा ढीग चालतो, मुकादमाची परवानगी घेऊन. पहिल्या वेळी पोतं सापडायला आम्हाला अकरा मिनिटं लागली. सगळे गप्प बसलो. गाडलेला माणूस पहिल्या दहा-पंधरा मिनिटांत बाहेर आला तर बहुधा जगतो, आणि अर्ध्या तासापर्यंत जगण्याची शक्यता साधारण तिसऱ्या हिश्श्यावर येते. आमची अकरा मिनिटं नुसतं शोधण्यात गेली होती, खणणं अजून बाकी होतं.

इशारा: परदेशी व्हिडिओ बघून उपग्रहावरून निरोप पाठवणारं यंत्र सोबत घेऊ नका. भारतात परवान्याशिवाय ते बाळगणं गुन्हा आहे आणि विमानतळावरच अडकाल. त्याऐवजी वाट, पर्याय आणि परतीची शेवटची वेळ खाली गावात आणि घरी लिहून द्या. मदतीचा क्रमांक ११२.

## टप्पा ४: निघतानाची पाच मिनिटं

बीकन आतल्या कपड्यांवर पट्ट्याने बांधा, सॅकमध्ये नको. मोबाइल त्यापासून किमान २० सेंटिमीटर दूर ठेवा, शोधताना ५० सेंटिमीटर. मग एक जण पुढे उभा राहून आपला बीकन शोधण्यावर ठेवतो आणि बाकीचे एकेक करून त्याच्यासमोरून जातात. प्रत्येकाचा संदेश ऐकू आला पाहिजे. शेवटी तो स्वतःचा बीकन संदेश सोडण्यावर आणतो आणि दुसरा त्याला तपासतो.

माझ्या पहिल्या हिवाळ्यात आम्ही ही पाच मिनिटं वाचवली. एकमेकांना ‘लावला ना?’ विचारलं, सगळे ‘हो’ म्हणाले. दुपारी चहाला थांबलो तेव्हा कळलं की माझा बंदच होता. पाच तास मी गळ्यात खेळणं घालून फिरत होतो.

निघण्याची वेळही इथेच ठरवा. मार्चनंतर उन्हाने ओला झालेला बर्फ सुटतो, म्हणून पहाटे निघून सूर्य तापायच्या आत, दहा-अकराच्या सुमारास, लाल पट्ट्यांबाहेर आलेलं बरं. पूर्वेकडचे उतार आधी तापतात, पश्चिमेकडचे दुपारी.

## टप्पा ५: चालताना बर्फ काय सांगतो

या तीन खुणांना ‘पण’ नाही. दिसली की परत.

१. समोर किंवा आसपास सारख्याच दिशेच्या उतारावर ताजं हिमस्खलन.
२. पाऊल टाकल्यावर बर्फाच्या पोटातून ‘हुम्म’ असा दबका आवाज आणि आजूबाजूचा बर्फ किंचित खाली बसणं.
३. पायापासून निघून पुढे धावणारी भेग.

दुसरी खूण लोक हसण्यावारी नेतात, कारण आवाज मजेशीर असतो. प्रत्यक्षात खालचा कच्चा थर तुमच्या वजनाने कोसळलेला असतो. जागा सपाट होती म्हणून तुम्ही वाचलात. तोच थर ३५ अंशांवर कोसळला असता तर वरची फरशी घसरली असती.

उताराचा कोन जागेवर मोजा, नजरेने ठरवू नका. पोल, म्हणजे चालताना टेकायची काठी, बर्फावर उताराच्या दिशेत आडवा ठेवा आणि त्यावर मोबाइलमधलं कोन मोजणारं अ‍ॅप धरा. मोबाइल थंडीने बंद पडला तर दोन सारखे पोल चालतात. १२० सेंटिमीटरच्या पोलवर टोकापासून ६९ सेंटिमीटरवर चिकटपट्टी लावून ठेवा. तो उतारावर सरळ उभा धरा, दुसरा पोल वरच्या बाजूला टोक बर्फात टेकवून सपाट आडवा धरा. आडवा पोल उभ्याला पट्टीवर लागला तर ३० अंश, पट्टीच्या वर लागला तर त्याहून जास्त.

तपासा: ‘काल इथून एक गट गेला, पाऊलखुणा आहेत’ हे कारण पुढे येतंय का? कालच्या गटाला कालचा बर्फ मिळाला होता. शिवाय फरशी पहिल्या माणसाखालीच तुटते असं नाही, दहाव्याखालीही तुटते.

## टप्पा ६: खड्डा खणून थर बघणे

हा टप्पा खुणा न दिसलेल्यांसाठी आहे. ज्यांना वरच्या तीनपैकी एक दिसली त्यांनी खड्डा खणत बसू नये, वळावं.

ज्या उतारावर जायचंय त्याच दिशेचा आणि साधारण त्याच उंचीचा, पण छोटा, खाली काही घातक नसलेला उतार निवडा. सव्वा मीटरभर खोल खणा आणि वरच्या बाजूची भिंत फावड्याने गुळगुळीत कापा. आता वरून खाली बोटं दाबत या: आख्खी मूठ जाते, चार बोटं जातात, एकच बोट जातं, पेन्सिल, की सुरी. कठीण थराखाली अचानक मूठ आत गेली तर थांबा. तिथला बर्फ हातमोज्यावर घ्या. तो जाड रव्यासारखा, कडा चमकणाऱ्या खडीसाखरेच्या कणांसारखा असेल आणि मूठ आवळूनही लाडू वळत नसेल, तर हाच तो कच्चा थर. लांब थंडी आणि पातळ बर्फ असला की जमिनीलगत तो तयार होतो आणि पुढे आठवडेच्या आठवडे टिकतो. साखरेवर फरशी मांडल्यासारखी ही रचना. वरची फरशी जितकी सलग, तितकं एका जागी दिलेलं वजन दूरवर पोहोचतं.

मग भिंतीत ३० बाय ३० सेंटिमीटरचा खांब चारही बाजूंनी मोकळा कापा. वर फावड्याचं पातं ठेवा. मनगटातून १० हलक्या टपल्या, कोपरातून १०, खांद्यातून १०. कितव्या टपलीला आणि कसा तुटला ते लिहा. पहिल्या वीस टपल्यांत तुटून वरचा ठोकळा ट्रेवरून सरकावा तसा सपाट सुटला, तर उतार बाद.

इशारा: खड्डा फक्त ‘नाही’ म्हणू शकतो. खांब तुटला नाही म्हणून ‘हो’ झालं असं नसतं, कारण दहा मीटरवर थर वेगळा असतो.

## टप्पा ७: उतार ओलांडणे

सगळं ठीक वाटूनही ओलांडताना एकावेळी एकच माणूस. बाकीचे बाजूला, खरोखर सुरक्षित जागी उभे राहून त्याच्यावरून नजर न हटवता. पोलचे पट्टे मनगटातून काढा, सॅकचा छातीचा पट्टा सोडा. शक्य तितक्या वरून ओलांडा, म्हणजे डोक्यावर कमी बर्फ राहतो. खाली नाळ, कडा किंवा झाडं असतील तर उतार छोटा असूनही तो मोठाच समजा. उताराच्या मधोमध फोटोला थांबायचं नाही, हे सांगावं लागू नये, पण लागतं.

## टप्पा ८: सुटलाच तर

अडकलेल्याने ओरडावं, पोल टाकावेत, बाजूला पळायला बघावं. लोटात सापडलात तर वर राहायची धडपड करा. वेग कमी होताच हात तोंडासमोर आणा, श्वासापुरती पोकळी राहिली पाहिजे. बर्फ थांबल्यावर तो गोठून बसतो, मग बोटही हलत नाही.

बाकीच्यांनी मदत आणायला धावायचं नाही. ती यायला तास लागतात. या क्रमाने चला:

१. वरून आणखी बर्फ येईल का ते बघा. माणसं मोजा. शेवटचा कुठे दिसला ती जागा पक्की करा. एक जण सूचना देईल.
२. सगळ्यांनी बीकन शोधण्यावर आणा. एकाचा जरी बीकन संदेश सोडण्यावर राहिला तर सगळे त्याच्याकडे धावतात.
३. शेवटच्या जागेपासून खाली, ४० मीटर रुंद पट्ट्यांत भराभर शोधा. वर दिसणारे हातमोजे, पोल बघत चला.
४. बीकनवरचा अंतराचा आकडा कमी होऊ लागला की वेग कमी करा. शेवटच्या तीन मीटरमध्ये बीकन बर्फालगत धरून, न फिरवता, पुढे-मागे आणि डावी-उजवीकडे न्या. सर्वांत कमी आकड्याची जागा खूण करा.
५. तिथून प्रोब उताराला काटकोनात घाला, गोल गोल बाहेर सरकत दर २५ सेंटिमीटरवर. लागला की प्रोब तिथेच राहू द्या.
६. थेट वरून खणू नका. जितका खोल आहे त्याच्या दीडपट अंतरावर उताराच्या खालच्या बाजूने सुरुवात करून आडवं आत शिरा. पुढचा खणतो, मागचे बर्फ बाहेर ढकलतात, दर मिनिटाला पुढचा बदला.
७. आधी चेहरा मोकळा करा, तोंडातला बर्फ काढा. श्वास नसेल तर लगेच कृत्रिम श्वास आणि छातीवर दाब सुरू करा. गार पडलेल्याला हळुवार, आडवाच हलवा आणि ओले कपडे बदलून गुंडाळा.

आणखी कुणी गाडलेलं असेल तर सापडलेल्याचा बीकन बंद करा, नाहीतर पुढचा शोध त्याच्याकडेच ओढला जाईल. आणि ती जागा सोडण्याआधी पुन्हा एकेकाला समोरून चालवा: शोधण्यावर नेलेले सगळे बीकन परत संदेश सोडण्यावर आले आहेत का, ते कानाने ऐकून खात्री करा.